आम्ही हिशेबासाठी उभे राहिलो

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी स्मरणिकेत सहसा गुरुजनांविषयी लिहितात, वसतिगृहातील सोबत्यांविषयी लिहितात, पहाटेच्या वंदनेविषयी लिहितात. आम्ही तिघे माजी विद्यार्थी एका निवडणुकीविषयी लिहीत आहोत. मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या गावी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे आणि आमची मुले तिथे शिकतात. त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठी आम्ही तिघे, दोन वडील आणि एक आई, उभे राहिलो. आमचा मुद्दा एकच होता. शाळेला मिळालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब पालकांपुढे मोठ्याने वाचला जावा आणि शाळेच्या फलकावर लिहिला जावा. निवडणुकीला चिन्ह नव्हते, प्रचारपत्रक नव्हते, तरीही पंधरा दिवस गावाच्या ओट्या-पडव्यांवर आणि बंदरावर याच विषयावर बोलणे चालू होते.

ही हकिगत येथे सांगण्याचे कारण असे की, या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी पालक आहेत. प्रत्येकाच्या गावी अशी एक समिती आहे आणि तिच्यात आपले मत किती मोलाचे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळते. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कर्तव्ये कायद्यानेच सांगितली आहेत. कलम २२ त्याहून पुढे जाते. समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया धरावा, असे ते म्हणते. म्हणजे गावातील आईबापांनी बसून केलेला कागद सरकारी तिजोरीच्या दारापर्यंत जाऊ शकतो.

व्यवहारात मात्र ही समिती बहुधा ‘बिनविरोध’ होते. पालक सभेची सूचना निघते, काम सोडून यायला जमते ते येतात, नावे आधीच ठरलेली असतात, ती वाचली जातात, कोणी काही बोलत नाही, चहा होतो, सह्या होतात. आमच्या गावीही असेच चालत आले होते. त्यात कोणाचा वाईट हेतू होता असे नाही. शाळेचे काम अंगावर घ्यायला माणसे मिळणे कठीण असते, म्हणून मिळतील त्यांची नावे लिहायची, एवढेच.

आम्हांला प्रश्न पडला तो मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर. त्या वादळाने मालवणच्या किनाऱ्यावरील माड आडवे केले, होड्या फोडल्या, घरांची छपरे उडवली. शाळेच्या दोन खोल्यांची कौले गेली, रिपा मोडल्या. त्या काळात शाळा महासाथीमुळे बंदच होती, तेव्हा छप्पर ही गावाची पहिली निकड नव्हती. तरीही गावाने हात आखडला नाही. गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी पाठवली. होडीवाल्यांनी दिली. आमच्या बौद्धवाडीतील मंडळानेही आपला वाटा दिला. पुढे शाळा भरू लागली तेव्हा एका खोलीवर कौले होती, दुसरीवर ताडपत्री होती. पैसे किती जमले, किती लागले, किती उरले, हे कोणालाच सांगता येईना. चोरी झाली असे कोणी म्हणत नव्हते, आणि झाली नाही असे ठामपणे म्हणण्याइतकी माहितीही कोणाजवळ नव्हती.

शासनाकडून शाळेला येणारा पैसा वेगळाच. समग्र शिक्षा अभियानात शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान मिळते. तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, तिसाच्या वर शंभरापर्यंत २५,००० रुपये, त्यापुढे अडीचशेपर्यंत ५०,००० रुपये. खडू, वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती हे सारे त्यातूनच भागवायचे आणि निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. आमच्या शाळेचा पट तिसाच्या आसपास घुटमळतो. म्हणजे एका मुलाच्या नावावर वर्षाचे पंधरा हजार रुपये अवलंबून असतात. एखादे कुटुंब कामासाठी मुंबईला गेले की शाळेचे अंदाजपत्रक अर्ध्याहून खाली येते. एवढी तुटपुंजी रक्कम, तिचा कसला हिशेब, असे आम्हांला अनेकांनी विचारले. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. हजारो मुलांच्या संस्थेत दहा हजारांची चूक खपून जाते. आमच्याकडे दहा हजार म्हणजे अख्खे वर्ष असते.

उभे राहायचे ठरले तेव्हा पहिली अडचण आली ती सद्भावनेच्या रूपाने. गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला घरी बोलावले, कोकम सरबत दिले आणि म्हणाले, “तुमच्यातलो एक आमी घेतवच मा? मगे उभ्या ऱ्हवाची काय गरज?” त्यांचे बरोबर होते. कायद्याने आमच्या वाडीला जागा मिळणारच होती. आमच्या आजोबांच्या पिढीतील कित्येकांनी याच गावात पडवीत बसून पाटी गिरवली, त्या तुलनेत ही जागा लहान नव्हती. पण ‘घेतलेला’ सभासद आणि ‘निवडलेला’ सभासद यांत फरक असतो. घेतलेल्या माणसाने आपल्या वाडीपुरते बोलावे अशी अपेक्षा असते. आम्हांला साऱ्या गावाच्या पैशाविषयी बोलायचे होते. वाडीच्या वाट्याची खुर्ची स्वीकारून गावाचा हिशेब मागता आला नसता. म्हणून मते मागूनच जायचे, पडलो तरी हरकत नाही, असे आम्ही ठरवले.

दुसरी अडचण अधिक बोचरी होती. “गुरुजींवर विश्वास नाय काय तुमचो?” हा प्रश्न आम्हांला दारोदारी ऐकावा लागला. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. पैशाचा व्यवहार अध्यक्षांबरोबर तेच पाहतात. त्यामुळे हिशेब मागितला की तो संशय त्यांच्यावर गेला असे लोक धरून चालतात. आमच्या वाडीतील काही जणांनाही वाटले की, इतक्या वर्षांनी गावात सलोख्याने राहतो आहोत, तो कशाला बिघडवायचा?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आपल्या शाळेने फार पूर्वी देऊन ठेवले होते. वसतिगृहाच्या कोठीची वही आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आठवीपासूनच्या मुलांना पाळीपाळीने महिनाभर कोठी सांभाळावी लागे. उकडे तांदूळ किती आले, तूरडाळ किती गेली, कुळीथ, तेल, नारळ किती शिल्लक आहेत, हे रोज लिहायचे आणि रविवारी सायंकाळी वंदनेनंतर सर्वांपुढे वाचायचे. पाचवीतला मुलगाही उठून विचारू शके की, डाळ दोन किलो कमी कशी? उत्तर द्यावे लागे. विचारणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नसे आणि ज्याला विचारले तो चोर ठरत नसे. पुढील महिन्यात विचारणाराच कोठीवर बसलेला असे.

हा प्रघात आपल्या शिक्षकांनी स्वतः शोधून काढला नव्हता. विनयपिटकात संघाच्या भांडाराची व्यवस्था सांगितली आहे. भांडार सांभाळणारा भिक्खू संघाने निवडायचा आणि त्याच्या अंगी पाच गोष्टी पाहायच्या. तो आवडीनिवडीने वागणारा नसावा, द्वेषाने वागणारा नसावा, अज्ञानाने वागणारा नसावा, भीतीने वागणारा नसावा, आणि काय सांभाळले गेले आहे व काय नाही हे त्याला कळत असावे. पहिल्या चार गोष्टी मनाच्या आहेत आणि पाचवी वहीची आहे. केवळ सज्जन असणे संघाला पुरेसे वाटले नव्हते. त्या निवडीची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रस्ताव संघापुढे उघड मांडला जाई, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे असे सांगितले जाई, आणि त्यानंतरच मौन ही संमती मानली जाई. आमच्या पालक सभेतही मौन होतेच. पण बोलण्याची संधी मिळाल्यावरचे मौन आणि संधीच न मिळालेले मौन ही एक नव्हेत.

प्रचारात आम्ही आणखी एक कथा सांगत असू, ती चुल्लवग्गातील आनंदाची. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातून आनंदाला पाचशे वस्त्रे दान मिळाली. राजाला राग आला. एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला? त्याने जाऊन विचारले. आनंदाने रागावून उत्तर दिले नाही. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटीन, असे तो म्हणाला. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांचे गाद्यांचे अभ्रे होतील, जुन्या अभ्र्यांची जमिनीवर अंथरायची बैठक होईल, तिची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी, आणि ती फाटली की कुटून मातीत कालवून जमीन सारवायला घेऊ. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. कोकणातील बायकांना ही कथा पटवून द्यावी लागली नाही. जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पुसणे करणाऱ्या घरांतूनच त्या आल्या होत्या. आम्ही त्यांचे लक्ष कथेच्या शेवटाकडे वेधत होतो. हिशेब दिल्यानंतर दान वाढले.

आमच्या बाजूच्याच काही जणांशी आमचा मतभेद झाला तो याच जागी. त्यांना हिशेब म्हणजे काटकसर वाटे. स्नेहसंमेलन बंद करा, खेळाचे साहित्य नको, मुले इतकी थोडी तर शाळा तरी कशाला, शेजारच्या गावच्या शाळेत घाला, असे ते बोलता बोलता म्हणून जात. खर्च कमी करणे हीच आर्थिक जबाबदारी असेल, तर सर्वांत जबाबदार शाळा बंद शाळाच ठरेल. ही नुसती कल्पना नव्हती. पुढे २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, आणि डोंगर, व्हाळ व खाड्यांनी तुटलेल्या आमच्या जिल्ह्यात कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. आषाढात व्हाळ भरून वाहत असताना सहा वर्षांचे मूल पलीकडच्या गावी कसे जाणार, याचे उत्तर अंदाजपत्रकातील रकान्यात मिळत नाही.

या ठिकाणी आम्हांला बाबासाहेबांचा आधार होता. त्यांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, पण सार्वजनिक पैसा हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय होता, हे आपल्या सभांतून क्वचितच सांगितले जाते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडेच पुढे ठेवले. हा इलाखा दर माणशी शिक्षणावर अवघे चौदा आणे खर्च करतो आणि अबकारीतून दर माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करतो, तेव्हा निदान जेवढे लोकांकडून दारूवर घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी ती मागणी होती. त्यांनी हिशेब मांडला तो अधिक मागण्यासाठी. पुढे ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापालाच्या पदावर बोलताना, संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी हाच, असे मत त्यांनी दिले. ज्यांच्याजवळ सत्ता नाही, जमीन नाही, ओळखी नाहीत, त्यांना सरकारी पैशाचा माग ठेवण्याची गरज सर्वांत जास्त असते. बाकीच्यांचे इतर मार्गांनी भागते.

तरीही गावात आमचा मुद्दा रुजवला तो एका कोळीण आईने. बंदराकडच्या एका घरी आम्ही अधिनियमाची कलमे सांगत होतो. ती मासळीची पाटी धूत ऐकत होती. मध्येच म्हणाली, “माका वाचूक येत नाय, पण हिशोब कळता. रापणीचो वाटो काय कोणी घरात बसान करता?” रापण ओढली की मासळी वाळूवर पडते आणि प्रत्येकाचा वाटा सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरतो. तिथे कोणी विश्वासाचा प्रश्न काढीत नाही. शाळेचे पैसे ही गावाने मिळून ओढलेली रापणच आहे, हे तिच्या त्या एका वाक्यानंतर आम्हांला वेगळे सांगावे लागले नाही.

पालक सभेला त्या वर्षी गर्दी झाली. हात वर करून मत द्यायचे झाले तर माणसे आधी शेजाऱ्याकडे पाहतात, म्हणून चिठ्ठ्यांनी मतदान व्हावे असे आम्ही सुचवले आणि मुख्याध्यापकांनी ते विनातक्रार मान्य केले. आम्हां तिघांपैकी दोघे पडलो. आमच्या भगिनी निवडून आल्या, आणि त्यांना आमच्या वाडीबाहेरची मते पडली होती हे मोजणीवरून स्पष्ट होते. अध्यक्षपदी आमच्या मुद्द्याला विरोध करणारे एक होडीमालक आले. पहिल्याच बैठकीत भगिनींनी हिशेब वाचण्याचा ठराव मांडला. अध्यक्ष क्षणभर थांबले आणि म्हणाले, आता मी सही करणार, तर आधी काय झाले ते मलाही कळले पाहिजे. ठराव एकमताने झाला.

वाचनातून जे बाहेर आले त्याची अपेक्षा आमच्या विरोधकांना नव्हती आणि आम्हांलाही नव्हती. छपराच्या कौलांच्या पावत्या सापडल्या, वेगवेगळ्या कपाटांत होत्या इतकेच. वर्गणीतील उरलेली रक्कम एका ग्रामस्थांकडे जशीच्या तशी होती. शाळा बंद असताना ती कोणाच्या हाती द्यावी हे त्यांना कळले नव्हते, आणि ती देताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. एका वर्षीचे शासकीय अनुदान मार्चअखेरीस हाती पडले आणि त्यातील न खर्चलेला भाग परत गेला होता. आणि वीजबिलाच्या रकान्यात कित्येक महिने काहीच नव्हते. दिवे तर चालू होते. विचारल्यावर मुख्याध्यापक थोडे संकोचून म्हणाले की, अनुदान येईपर्यंत वीज तोडू नये म्हणून ते बिल स्वतःच्या पगारातून भरत आले होते आणि त्यांनी ते कधी मागितले नव्हते.

सभेत शांतता पसरली. ज्या गुरुजींवर आम्ही संशय घेतो असे म्हटले जात होते, त्यांचे ऋण त्या वहीनेच गावाला दाखवले. हिशेब वाचला गेला नसता तर ते निवृत्त होऊन गेले असते आणि त्यांच्यामागे कुजबुज तेवढी राहिली असती. बिलाची रक्कम त्यांना परत देण्याचा ठराव त्याच बैठकीत झाला. त्यांनी ती घ्यायला नकार दिला. अध्यक्षांनी ऐकले नाही.

त्यानंतर समितीने शाळेचा विकास आराखडा पहिल्यांदा आकड्यांसह तयार केला. गावाने दिले किती, शासनाने दिले किती, परत गेले किती आणि का, गुरुजींनी पदरचे घातले किती, आणि दुसऱ्या खोलीच्या छपराला लागतील किती, असे सारे त्यात होते. तो पंचायत समितीकडे गेला. पूर्वीच्या अर्जांत ‘छप्पर दुरुस्त करून मिळावे ही विनंती’ एवढेच असायचे. आता अर्जाला वही जोडलेली होती. खोलीचे काम मंजूर झाले. पाण्याच्या टाकीचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आपापल्या गावच्या पालक सभेला जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. या वर्षी अनुदान किती आले व केव्हा आले? ते कशावर खर्च झाले? आणि जे झाले नाही त्याला किती लागेल? हे प्रश्न विचारताना आवाज चढवण्याची गरज पडत नाही. ज्यांची मुले शाळा सोडून गेली असतील त्यांनी निदान फलकासमोर उभे राहून तो वाचावा. वाचणारे आहेत असे दिसले की लिहिणारा नीट लिहितो.

आमच्या गावच्या समितीची मुदत आता संपत आली आहे. वरच्या वाडीतील दोन मातांनी या वेळी आपण उभ्या राहणार असल्याचे आधीच सांगून टाकले आहे. गेल्या बैठकीत त्यांनी आमच्या भगिनींना विचारले की, स्वच्छतेसाठी राखलेल्या रकमेतून मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी अजून का बसली नाही? भगिनींनी कडीचे दरपत्रक दाखवले, सुतार येण्याची तारीख सांगितली आणि दोन्ही गोष्टी फलकावर लिहिल्या.